अळंबीची ओळख जमिनीखाली

पाऊस स्थिरावला की वसई, विरार, बोरिवलीच्या बाजारांत टाकळा, कुर्डू अशा रानभाज्यांच्या शेजारी पानांवर अळंबीचे वाटे मांडलेले दिसू लागतात. त्याच दिवसांत येऊर, आरे किंवा तुंगारेश्वरच्या रानवाटेवर टिपलेली भूछत्रांची छायाचित्रे ‘हे खाता येईल का?’ या प्रश्नासह व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. छायाचित्रावरून त्याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही, कारण वाटे मांडून बसलेल्या आदिवासी बाईने ज्या खुणेवरून आपली अळंबी ओळखलेली असते, ती खूण जमिनीखाली असते आणि छायाचित्रात मुळी आलेलीच नसते.

आपल्याकडे पावसाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी रानअळंबी बहुतांशी ‘टर्मिटोमायसिस’ या प्रजातीतली असते. रॉजर हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हे नाव दिले. ही बुरशी वाळवीच्या वारुळात वाढते, आणि तीही चुकून शिरलेली नव्हे, तर वाळवीने जोपासलेली असते. लाकूड व पालापाचोळा वाळवीला स्वतःच्या बळावर पुरता पचवता येत नाही. म्हणून कामकरी वाळवी तो अर्धवट चावून खाते आणि तिच्या विष्ठेतून बाहेर पडलेल्या लगद्याचे सच्छिद्र पोळे रचते. या पोळ्यावर बुरशीचे तंतू पसरतात, लाकडातील चिवट लिग्निन आणि सेल्युलोज फोडतात, आणि मग वाळवी ते मऊ झालेले पोळे व त्यावर उगवलेल्या पांढऱ्या बारीक गाठी खाते. आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली ही शेती आजही चालू आहे. माणसाला मात्र या अळंबीची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. बटन किंवा धिंगरी अळंबी कंपोस्टवर नाहीतर भाताच्या पेंढ्यावर निमूटपणे येते, हिला वाळवीची साथ लागते.

पाऊस मुरल्यावर पोळ्यातून एक कोंब वर निघतो आणि माती भेदून बाहेर आल्यावर त्याची छत्री उमलते. दांड्याभोवतीची माती हलक्या हाताने उकरत गेल्यास तो निमुळता होत, मुळासारखा लांबच लांब खाली उतरताना दिसतो. छत्रीच्या मधोमध टोकदार, कडक उंचवटा असतो, ज्याने तिने माती फोडलेली असते. आपल्याकडच्या अनेक वाळवींची घरे जमिनीतच असतात, वर उंच वारूळ दिसतेच असे नाही. म्हणून जाणकार माणूस जागा लक्षात ठेवतो. त्याच ठिकाणी वर्षानुवर्षे अळंबी येते, आणि ती जागा सहसा बाहेरच्याला सांगितली जात नाही.

हे ज्ञान नसलेल्या शहरी माणसाला फसवणारी भूछत्रे जंगलातच असतात असे नाही. पावसाळ्यात हिरवळींवर उगवणारे, पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले असलेले ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’ दिसायला देखणे असते. ते पोटात गेल्यास काही तासांतच उलट्या व जुलाब सुरू होतात. कोवळेपणी त्याच्या छत्रीखालची पाती पांढरीशुभ्र असल्यामुळे संशयही येत नाही. ते ओळखण्याचा एक सोपा प्रयोग आहे. दांडा कापून पक्व छत्री पाती खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि वर वाडगा पालथा घालावा. सकाळी बीजाणूंचा, म्हणजे भूछत्राच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, मळकट हिरवा ठसा उमटलेला दिसतो. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी येतो. मात्र या प्रयोगाने फार तर एखादे भूछत्र बाद करता येते, खाण्याची परवानगी मिळत नाही.

खरा धोका ‘अमानिटा’ आणि ‘लेपिओटा’ या प्रजातींमधील काही जातींचा. त्यांतील अमाटॉक्सिन हे विष पेशींमधील प्रथिननिर्मितीचे काम बंद पाडते आणि त्याचा मुख्य आघात यकृतावर होतो. ते शिजवून वा वाळवून नाहीसे होत नाही. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक काळ, काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, नंतर बरे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत असते. त्यामुळे बरे वाटले म्हणून घरी थांबणे जीवघेणे ठरू शकते. उरलेले भूछत्र, शिजवलेले असले तरी, सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तर विषारी, किडीने खाल्लेले असेल तर निर्धोक, या समजुतींना कसलाही आधार नाही. गोगलगाय जे पचवते ते माणसाला पचेलच असे नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून अळंबी खुडून आणण्याचा विचार असल्यास तो मुकाट्याने सोडावा, कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून वनोपज नेता येत नाही. बाजारात ओळखीच्या विक्रेतीकडून घेणे अधिक शहाणपणाचे. तिथेही गिऱ्हाईक न उमललेल्या, घट्ट कळ्यांना अधिक भाव देते आणि त्यामुळे कळ्याच आधी खुडल्या जातात. बहुतेक जातींमध्ये नव्या वारुळाला बुरशी वारशाने मिळत नाही. पहिल्या पावसात उडालेल्या वाळवीने वसवलेल्या घरातील कामकरी बाहेर पडून उमललेल्या छत्र्यांतून झडलेले बीजाणू गोळा करून आणतात आणि त्यावर आपले पहिले पोळे उभे करतात. त्यासाठी प्रत्येक जागेवरच्या थोड्या छत्र्या तरी पूर्ण उमलून सुकेपर्यंत उभ्या राहाव्या लागतात.