स्वतःलाच घडवणारा कंपायलर

सेंटओएस ७ सारख्या जुन्या लिनक्सवर सी-प्लस-प्लस या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती हवी असली की दोन सल्ले हमखास मिळतात. सगळी प्रणालीच बदला, नाहीतर नव्या मशीनवरचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीन कोडमध्ये भाषांतर करणारा प्रोग्राम, उचलून इथे आणा. पहिलं दरवेळी जमत नाही. दुसरं बहुधा चालतच नाही.

लिनक्सवरचे जवळपास सगळे प्रोग्राम ग्लिबसी या मूळ लायब्ररीवर उभे असतात आणि तिच्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची चिठ्ठी असते. नवी ग्लिबसी जुन्या चिठ्ठ्या ओळखते. जुनीला नव्या कळत नाहीत. सेंटओएस ७ वर ग्लिबसी २.१७ आहे. ग्लिबसी २.३४ च्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम तिथे सुरू होण्याआधीच अडतो. ग्लिबसीच बदलायला मात्र जाऊ नका. फाइल कॉपी करण्याची साधी आज्ञाही तिच्यावरच चालते. गडबड झाली तर दुरुस्तीला हत्यार उरत नाही.

म्हणून जीसीसी हा कंपायलर तिथेच सोर्सपासून, म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून, बांधायचा. पण त्यासाठी आधी एक कंपायलर लागतोच! जीसीसी ११ बांधायला सी-प्लस-प्लस ११ जाणणारा, म्हणजे निदान जीसीसी ४.८ हवा. सेंटओएस ७ वर ४.८.५ असल्याने निभावतं. सेंटओएस ६ वर ४.४.७ आहे, तिथे आधी जीसीसी १० बांधायचा, मग त्याने पुढचा.

जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन गणिती लायब्रऱ्या सोर्ससोबतच्या स्क्रिप्टने उतरवून घ्या. बिल्डचं फोल्डर सोर्सच्या बाहेर ठेवा, प्रीफिक्स (जिथे कंपायलर बसवायचा ते फोल्डर) वेगळा द्या, ३२ बिटची गरज नसेल तर मल्टिलिब (३२ आणि ६४ बिट दोन्हींच्या लायब्रऱ्या बांधणं) बंद करा.

आता खरी गंमत. जुना कंपायलर नव्या सोर्समधून पहिली पिढी बांधतो, पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला. तिघींचं सोर्स एकच. पहिलीचा मशीन कोड जुन्या कंपायलरच्या हातचा, त्यामुळे तो वेगळा असणारच. पण तिचं वागणं सोर्सप्रमाणेच हवं. तसं असेल तर पहिलीने बांधलेली दुसरी आणि दुसरीने बांधलेली तिसरी यांच्या ऑब्जेक्ट फाइली (भाषांतरातून निघालेल्या मशीन कोडच्या फाइली), डीबगची माहिती सोडली तर, बाइट न् बाइट जुळायला हव्यात. नाही जुळल्या की बिल्ड तिथेच थांबतं. कुणीतरी कोड चुकीचा भाषांतरित केला, आणि संशय आधी जुन्या कंपायलरवर. दरवेळी निराळ्याच फाइलवर कोसळत असेल तर रॅम तपासा. प्रोसेस नुसतीच ‘किल्ड’ झाली तर मेमरी संपली, समांतर कामं कमी करा. जुळणी म्हणजे सचोटीचा दाखला नव्हे, हेही खरं: सोर्स स्वच्छ असूनही कंपायलर चोरवाट पिढ्यान् पिढ्या पुढे नेऊ शकतो, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं.

कंपायलर तयार झाला तरी प्रोग्राम चालताना ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२० सापडत नाही’ असं येतं. ही सी-प्लस-प्लसच्या मूळ लायब्ररीवरची आवृत्तीची चिठ्ठी. जीसीसी ४.८.५ सोबतची ती लायब्ररी ३.४.१९ पर्यंतच जाते, आणि प्रोग्राम सुरू होताना लायब्रऱ्या शोधून जोडणारा लोडर अजून तीच उचलतो. यावर सिस्टीमच्या फोल्डरातली सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) नव्या लायब्ररीकडे फिरवण्याचा तोडगा मंत्रासारखा पसरला आहे. पुढच्या अपडेटला तो विरून जातो. लिंक करतानाच आरपाथमध्ये, म्हणजे लायब्ररी कुठे शोधायची हे प्रोग्राममध्येच नोंदवणाऱ्या मार्गात, नव्या प्रीफिक्सचं लिब-६४ फोल्डर द्या, किंवा ती लायब्ररी प्रोग्राममध्येच स्टॅटिक जोडा. आरपाथ दिला असेल तर प्रोग्रामवर एलडीडी ही आज्ञा चालवून बघा, ती कोणती लायब्ररी कुठून उचलली जाते ते दाखवते. तरीही जुनाच मार्ग दिसला तर आरपाथ लिंकरपर्यंत पोचलेला नाही.