पाइपलाइनच्या चारीवरची जमीन बसली? भरपाईचा अर्ज असा करा

पहिला जोरदार पाऊस पडला की इंधनाची पाइपलाइन टाकायला खणलेली चारी कुठून गेली ते शेतच दाखवतं. पट्टा वीतभर खाली बसतो, त्यात पाणी तुंबतं, कपाशी पिवळी पडते, ठिबकची नळी अधांतरी लोंबते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. उकरून सैल भरलेली माती तर दबणारच. मुंबईहून मनमाडमार्गे इंदूरकडे जाणारी इंधनवाहिनी आपल्या धुळे जिल्ह्यातूनच गेली आहे.

"पीक नुकसानीचा चेक घेतला, आता काय मागणार?" असं म्हणून कित्येक जण गप्प बसतात. बसू नका. पेट्रोलियम व खनिज वाहिन्या (जमिनीतील वापरहक्क संपादन) अधिनियम, 1962 च्या कलम 10 नुसार पाइप टाकताना किंवा नंतर देखभालीसाठी शेतात शिरल्यामुळे झालेलं नुकसान भरून मागता येतं. वापरहक्कापोटी (जमीन तुमचीच, पण तिच्याखालून पाइप नेण्याचा हक्क) जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम मिळते, ती वेगळी.

अर्ज जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही करता येतो: मालक, सहहिस्सेदार, कूळ. तो राजपत्रात नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे साध्या कागदावर द्यायचा आणि पोच घ्यायची. सोबत सातबारा (इतर हक्कात वापरहक्काची नोंद आहे का ते पाहा), आठ-अ, गट नकाशा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, बँक पासबुक आणि सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लावा. मयत खातेदाराचं नाव अजून उताऱ्यावर असेल तर आधी वारस नोंद करा. पैसे बहुतेक इथेच अडकतात.

खरी मदार पंचनाम्यावर. स्वतः माती टाकण्याआधी तलाठी आणि कृषी सहायकांना शेतावर बोलवा. बांधापासून बांधापर्यंत दोरी ताणून खोली टेपने मोजा, टेपसकट फोटो काढा. कायद्याने पाइपवर किमान 1 मीटर माती हवी. जमीन जितकी बसली तितकं हे आवरण कमी झालं, हे वाक्य अर्जात लिहाच.

रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

वाहिनी अजून यायची असेल, तर वापरहक्काची अधिसूचना छापलेल्या राजपत्राच्या प्रती उपलब्ध झाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत घ्या, सुनावणी मिळते. पुढे त्या पट्ट्यात विहीर, शेततळं, बांधकाम किंवा झाड लावता येत नाही, म्हणून विहिरीची जागा ठरली असेल तर हरकतीत सांगा.

पाइप उघडा पडलेला दिसला, तर जेसीबी लावू नका. बांधावरच्या खुणेच्या खांबावर आपत्कालीन नंबर असतो, आधी तिथे फोन करा.