जुन्या फियाटची व्हिंटेज नोंदणी: अर्ज नेमका अडकतो कुठे

गाडी जुनी दिसते म्हणून व्हिंटेज होत नाही, हे आधी डोक्यात घ्या. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमात पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली खाजगी दुचाकी-चारचाकीच बसते. म्हणजे डुक्कर फियाट, ११०० डिलाइट, साठीच्या दशकातली स्टँडर्ड हेरल्ड चालेल, पण ८५ ची पद्मिनी नाही म्हणजे नाही. "अहो पण डिझाइन ६४ सालचंय" हे काउंटरवर कोणी ऐकत नाही, आरसीवरची तारीख बघतात. पद्मिनीवाल्यांनी गुपचूप फॉर्म २५ भरून साधं पाच वर्षांचं रिन्युअल करावं, पर्यावरण कर भरावा आणि गाडी फिरवावी.

फिरवावी म्हणतोय कारण व्हिंटेज केली की रोजचं फिरणं बंद. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी भाजी आणायला न्यायची असेल तर या भानगडीत पडूच नका.

आता खरी गोची. दहातले निम्मे अर्ज आजोबांच्या नावावरच्या गाडीचे असतात आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. गाडी आधी वारसाच्या नावावर, मग व्हिंटेज. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं लागतात, आणि इथेच अमेरिकेतल्या आत्याची सही मिळेना म्हणून काम लटकतं. फॉर्म ३१ ला तीन महिन्यांची मुदत असते ती वाचून लोक हात टेकतात, पण मुदत गेली म्हणून हक्क जात नाही हो, दंड भरून होतं काम. दाखल्यावर "दत्तात्रय" आणि आरसीवर "डी. जी." असेल तर एकाच माणसाचं नाव असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

एमएचच्या आधीचा नंबर असेल तर गाडी ऑनलाइन सापडतच नाही. आरटीओत मूळ आरसी बुक दाखवून बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून, घ्यावी लागते. जुनं रजिस्टर त्यांच्याच कपाटात असतं, पण शोधायला तुम्हीच मागे लागायचं, काय बोलणार. बुक हरवलं असेल तर पोलिस तक्रार आणि डुप्लिकेट बुकासाठी फॉर्म २६.

बाकी सोपंय. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, चालू विमा, परदेशातून आणलेली गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद. नव्या नोंदणीला २०,००० फी, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं. नंबर नवा घेतला तर त्यात व्हीए (VA) ही अक्षरं येतात, जुना ठेवायचा तर ठेवता येतो.

तपासणीत चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं आहे का ते बघतात. दुसरं इंजिन टाकून आरसीत नोंद न केलेल्या गाड्या इथे हमखास गळतात. आणि कृपा करून चेसिस नंबरवरचा रंग पॉलिश पेपरने घासू नका. पेंट रिमूव्हर आणि जुनं फडकं घेऊन हळूहळू काढा, कारण एक आकडा जरी पुसट झाला तरी खाडाखोडीचा संशय येतो आणि मग फाइल तिथेच थांबते.