चढावर धावल्याने गुडघे झिजतात का?

शरद ऋतूतल्या शर्यतींची तयारी सुरू झाली की जुना सल्ला पुन्हा फिरू लागतो: चढावर धावू नका, गुडघे झिजतात. हे चुकीचं आहे. चढावर पाऊल कमी उंचीवरून पडतं, त्यामुळे सपाटीपेक्षा दणका कमीच बसतो. जोर येतो तो पोटऱ्यांवर, नितंबांच्या स्नायूंवर आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर. ते आधीच दुखत असेल तर मात्र चढ खरंच टाळा.

खरा मार उताराचा. तिथे मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, म्हणून पुढचे 2-3 दिवस जिना उतरणं जड जातं. पण तेच स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतात. नोव्हेंबरातली न्यूयॉर्क मॅरेथॉन 5 पूल ओलांडते, म्हणजे चढ-उतार आलेच. अशा शर्यतीसाठी उताराचा सराव हळूहळू वाढवा आणि शेवटच्या आठवड्यात तो बंद ठेवा.