ग्राहक शिक्षण, महाविद्यालयीन (मराठवाडा)

ग्राहकाचे हक्क, वस्तू व सेवांच्या व्यवहारातील फसवणूक आणि तिच्यावर दाद मागण्याचे मार्ग यांचा महाविद्यालयातून होणारा अभ्यास. मराठवाड्यात हा विषय एका छपराखाली सहसा मिळत नाही. वाणिज्य, विधी आणि सामुदायिक विज्ञान (पूर्वीचे गृहविज्ञान) यांत तो वाटला गेला आहे. बारावी वाणिज्यच्या पुस्तकातील ‘ग्राहक संरक्षण’ या प्रकरणात अनेकांची त्याच्याशी ओळख होते आणि पुष्कळांची तिथेच संपते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात मात्र साधनसंपत्ती व्यवस्थापन व ग्राहक विज्ञान असा विभागच आहे.

विधी शाखेतील अभ्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 भोवती फिरतो. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या या कायद्याने 1986 च्या कायद्याची जागा घेतली. मोजलेली किंमत 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, तक्रार करण्याची मुदत 2 वर्षांची. या भागाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद वेगळीच आहे: तक्रारदाराला आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. पूर्वी विरुद्ध पक्षाची शाखा किंवा व्यवहाराचे ठिकाण पाहावे लागे. आता मुंबईच्या कंपनीविरुद्ध हिंगोलीतच तक्रार गुदरता येते.

पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा फ्रीज आणि मोबाइलची असतात. मराठवाड्यातल्या वर्गाला जवळचा प्रश्न न उगवलेल्या सोयाबीनचा. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या आंध्रातील प्रकरणात स्पष्ट केले. शेतकरी सगळे बियाणे पेरून मोकळा होतो, प्रयोगशाळेसाठी नमुना बाजूला ठेवावा अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले. मग पुरावा काय? रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग, लॉट क्रमांक (बियाण्याच्या गटाचा क्रमांक) असलेली पक्की पावती आणि बियाणे तक्रारींसाठीच्या तालुकास्तरीय समितीने शेतात येऊन केलेला पंचनामा. घोडे अडते ते पावतीपाशी. उधारीवर बियाणे उचलणाऱ्याच्या हातात अनेकदा कच्ची चिठ्ठीच पडते आणि तिच्यावर लॉट क्रमांक नसतो. ग्राहक कायद्याचा तास वर्गाऐवजी जूनमध्ये कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी घेतला, तर विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहील.

वीजबिलाच्या तक्रारींसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि विद्युत लोकपाल ही स्वतंत्र वाट आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना.

शिक्षणक्षेत्रालाच हा कायदा लावायला गेले की गंमत होते. परीक्षा घेणारे मंडळ किंवा विद्यापीठ ‘सेवा’ पुरवत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 व 2010 च्या निकालांत म्हटले आहे. त्यामुळे ग्राहक कायद्याच्या पेपरचा निकाल रखडला, तरी विद्यार्थ्याला त्यासाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही. खासगी शिकवण्यांचे तसे नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 च्या मनू सोलंकी प्रकरणात कोचिंग संस्था कायद्याच्या कक्षेत येतात असे ठरवले. लातूरसारख्या शिकवण्यांच्या शहरात, वर्षाची फी आगाऊ भरून मध्येच क्लास सोडणाऱ्या मुलाच्या पालकांना त्याचा थेट उपयोग आहे.