सप्रेम भेट आणि तिच्यावरचं नाव

आमच्या पतसंस्थेचं हे पंचविसावं वर्ष. सभासद अठराशेच्या आसपास. वार्षिक सभेत लाभांशाच्या आधी 'यंदा भेट काय?' हा प्रश्न येतो, म्हणून चार जणांची भेटवस्तू समिती नेमली गेली आणि तिच्यात मी सापडलो. स्टीलचा डबा, कापडी पिशवी, भिंतीवरचं घड्याळ हे सगळं आजवर देऊन झालेलं. या वेळी टूम निघाली ती सभासदांच्या नातवंडांसाठी रंगीत मग द्यायची. एका बाजूला हत्तीचं चित्र, दुसऱ्या बाजूला संस्थेचं बोधचिन्ह. नमुने घेऊन आलेल्या गिफ्टिंगवाल्याला मी विचारलं, या रंगाचा काही टेस्ट रिपोर्ट आहे का? तो मनापासून चकित झाला. "साहेब, हे फुकटच वाटायचंय ना?"

त्याचं आश्चर्य खोटं नव्हतं. नाव छापलेल्या भेटी वाटून जाहिरात करायच्या या धंद्याने जगभर बरीच वर्षं असाच विचार केला: फुकट वस्तूची कसली तपासणी?

नाव घातलेली वस्तू आपल्याला नवी नाही. लग्नात आलेल्या पातेल्यावर 'अमुक यांजकडून सप्रेम भेट' आणि खाली तारीख, हे प्रत्येक घरात सापडेल. भांडं झिजतं, देणारा जातो, नाव राहतं. व्यापाऱ्यांना हे फार लवकर कळलं. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चित्रांची लेबलं चिकटवलेली असत, देव, हत्ती, वाघ, बायका. वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्र बघून माल ओळखायचं. कापड संपलं तरी चित्र मागे उरायचं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि छापील देव घरोघर पोचले. त्यानंतर देवाच्या तसबिरीखाली साबणाचं नाहीतर ग्राइपवॉटरचं नाव येऊ लागलं. ही जाहिरात फाडून टाकायची कुणाची छाती होणार? उलट तिला उदबत्ती ओवाळली जायची.

अमेरिकेत या धंद्याची सुरुवात ओहायो राज्यातल्या कोशॉक्टन या गावी झाली, असं सांगतात. १८८० च्या दशकात तिथल्या जॅस्पर मीक नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने पोरांच्या हातून रस्त्यात पुस्तकं पडताना पाहिली. त्याचा छापखाना एरवी रिकामाच असे. त्याने गावातल्या कँटवेल या चपलांच्या दुकानदाराला गाठून गोणपाटाची दप्तरं छापून दिली, वर मजकूर 'कँटवेलचेच जोडे घ्या'. पोरं दप्तर मिरवत गावभर हिंडली. १९०४ मध्ये अशा वस्तू बनवणाऱ्या १२ कारखानदारांनी आपली संघटना केली. ती आजही आहे.

हिशेब साधा आहे. वर्तमानपत्रातली जाहिरात संध्याकाळी रद्दीत जाते. ६० रुपयांचं कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं आणि घरातल्यांनी ते दिवसातून पाच वेळा पाहिलं, तर वर्षाला १,८२५ नजरा. एका नजरेला साडेतीन पैसेही पडत नाहीत. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं ते विकायला, पण बँका, सराफ आणि वाणी आपलं नाव छापून त्याच्या प्रती गठ्ठ्याने घेऊन वाटू लागले, ते याच हिशेबाने. दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख जिथे लिहिली जाते, तिथे आपलं नाव असावं म्हणून. वर भेट घेतली की माणूस थोडा मिंधा होतो, हाही भाग आहेच. औषध कंपन्यांकडून भेटी घ्यायला डॉक्टरांना २००९ मध्ये नियमाने मनाई झाली, आणि २०२४ च्या संहितेने कंपन्यांना आठवणीखातर पुस्तक, डायरी, कॅलेंडर अशा वस्तू देता येतील पण एक वस्तू १,००० रुपयांच्या वर नको, असं बजावलं. भेटीचा काही उपयोग होत नसता तर इतकी लिखापढी कुणी केली असती?

या प्रकारातली सर्वांत राजेशाही वस्तू मुंबईच्याच कंपनीने दिली. १९६७ मध्ये एअर इंडियाने साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकाराकडून चिनी मातीचं अ‍ॅशट्रे करून घेतलं, बड्या प्रवाशांना भेट द्यायला. त्यातला हंस उलटा धरला की हत्ती दिसतो. दालीने मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते बंगळूरहून खरोखर पाठवलं. विमानकंपनीने प्रवाशांना अ‍ॅशट्रे भेट द्यावं यात तेव्हा कुणाला काही गैर वाटलं नाही, हेही त्या काळाबद्दल बरंच सांगून जातं.

माझ्या पिढीची दौलत मात्र वेगळी होती. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात एक इवलंसं प्लॅस्टिकचं जनावर निघायचं. माझ्याकडे अजून एका पत्र्याच्या डबीत सात आहेत: उंट, कासव, दोन हत्ती, एक पाय मोडलेला जिराफ, ओळखू न येणारा एक पक्षी आणि मासा. टूथपेस्ट संपायच्या आत नवीन आणा म्हणून आम्ही भावंडं ब्रशवर भसाभस पेस्ट घ्यायचो. वडिलांनी ब्रँड बदलायचं काढलं की घरात बंड व्हायचं. एवढ्याशा जनावराने केवढी विक्री केली असेल, याची कल्पना करावी.

परवा पट्टी घेऊन तो मासा मोजला. लांबी अडीच सेंटिमीटरही नाही. खेळण्यांच्या तपासणीत एक छोटं नळकांडं वापरतात, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाचा तो अंदाज. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली तर ती त्या वयासाठी बाद. माझी सातही जनावरं त्यात आरामात मावतील. आम्ही वाचलो तो नशिबाचा भाग.

हे नळकांडं अमेरिकेत १९७९ मध्ये नियमात आलं, पण खाण्याच्या पाकिटातल्या बक्षिसांची कथा त्याच्या बरीच आधीची. क्रॅकर जॅक या गोड लाह्यांच्या खोक्यात १९१२ पासून खेळणं मिळू लागलं. १९३८ च्या अन्नविषयक कायद्याने गोळ्या-चॉकलेटच्या पोटात न खाण्याची वस्तू घालायला तिथे बंदी आली. आत खेळणं असलेलं किंडरचं चॉकलेटचं अंडं याच कायद्यामुळे अमेरिकेत विकता येत नाही. आपल्याकडे मिळतं ते किंडर जॉय वेगळ्या बांध्याचं: एका अर्ध्यात खाऊ, दुसऱ्या बंद अर्ध्यात खेळणं. ते आपल्या बारामतीत बनतं. पोराला खाऊ आधी हवा की खेळणं, हा तंटा त्या बांध्याने सुटत नाही, पण खेळणं खाऊबरोबर तोंडात जाण्याचा धोका टळतो.

खरा धक्का बसला तो १९९९ च्या डिसेंबरात. बर्गर किंग या अमेरिकेतल्या उपाहारगृहांच्या साखळीने मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉनचे प्लॅस्टिकचे चेंडू वाटले होते, दोन अर्ध्या वाट्या जोडून केलेले. घशात अडकण्याइतके ते लहान नव्हते, म्हणजे नळकांड्याच्या चाचणीत पास. कॅलिफोर्नियात तेरा महिन्यांच्या मुलीच्या नाकातोंडावर अर्धी वाटी घट्ट बसली आणि ती गुदमरून गेली. २७ डिसेंबरला अडीच कोटींहून जास्त चेंडू परत मागवले गेले. चेंडू आणून द्या, बदल्यात बटाट्याच्या काड्यांची छोटी पुडी घ्या, अशी ऑफर होती. परत मागवल्यावरही जानेवारीत इंडियानापोलिसमध्ये चार महिन्यांचा एक मुलगा तशाच वाटीने दगावला. फुकट वाटलेली वस्तू परत मिळवणं विकलेल्या वस्तूपेक्षा अवघड असतं. तिची ना पावती, ना नोंद, आणि घरच्यांना ती वस्तू म्हणून आठवतही नाही. ती सोफ्याखाली असते.

२००७ मध्ये खेळण्यांच्या रंगातल्या शिशावरून गदारोळ उठला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा कडक केला. मुलांच्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. शिशाची मर्यादा टप्प्याटप्प्याने दहा लाखांत १०० भागांवर आणली गेली. वस्तू विकली की वाटली, याने फरक पडेनासा झाला. २०१० च्या जूनमध्ये मॅकडोनाल्ड्सने श्रेक चित्रपटाचे १ कोटी २० लाख काचेचे पेले मागे घेतले. बाहेरच्या चित्राच्या रंगात कॅडमियम हा विषारी धातू होता. गंमत म्हणजे 'चायना माल' म्हणून नाक मुरडायचीही सोय नव्हती, पेले न्यू जर्सीत बनले होते. २०१६ मध्ये त्याच कंपनीने मुलांना पावलं मोजणारे मनगटी पट्टे दिले आणि कातडीवर चट्टे उठल्याच्या तक्रारींनंतर एकट्या अमेरिकेतच सुमारे २ कोटी ९० लाख पट्टे थोड्याच दिवसांत परत बोलावले. सुरक्षेचा अर्थही रुंदावत गेला. २०१० मध्येच ऑस्ट्रेलियातल्या एका संगणक-सुरक्षा परिषदेत आयबीएमने वाटलेल्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस निघाला. परिषद सुरक्षेची, हे पुन्हा सांगायला हवं.

मगाकडे परत येतो. मग छापण्याच्या दोन पद्धती बाजारात दिसतात. सब्लिमेशनमध्ये आधीच लेप दिलेल्या पांढऱ्या मगावर छापील कागद गुंडाळून तो सुमारे १८० ते २०० अंशांवर तापवतात. शाई वाफ होऊन लेपात शिरते, बोट फिरवलं तर चित्र लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत चिनी मातीचे रंग वरून चढवून भट्टीत भाजतात. चित्र किंचित उठलेलं लागतं. शिसं आणि कॅडमियम बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या लाल, पिवळ्या, केशरी रंगांत असतं. म्हणून जाणकार चित्र ओठाच्या काठापासून खाली सरकवायला सांगतात. आमच्या नमुन्यातल्या हत्तीची सोंड काठावरून आत गेली होती. रंग केशरी.

आपल्याकडे खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली. पण मग म्हणजे खेळणं नव्हे, त्यामुळे आमचा माल या आदेशाच्या बाहेरच पडतो.

मला अडवलं ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने. त्यात उत्पादक कोण, याची व्याख्या वाचली. वस्तू बनवणारा आणि जोडणी करणारा तर आहेच, पण दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचं चिन्ह टाकणारा किंवा टाकून घेणाराही तिथे उत्पादकच ठरतो. त्याच कायद्यात आणखी एक कलम: किमतीत आधीच धरलेली वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणं ही अनुचित व्यापारी प्रथा. ग्राहकाची व्याख्या मात्र मोबदला देणाऱ्यापुरती आहे, तेव्हा निव्वळ फुकट मिळालेल्या मगाबद्दल नातवंडाच्या आजोबांना दाद मागता येईल का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. आमचे आजोबा तर सभासद, भेटीचा खर्च त्यांच्याच नफ्यातून.

समितीत मी एवढंच म्हणालो, की कारखान्याचं नाव मगावर कुठेच नाही, आपलं आहे, आणि तेही ठसठशीत. अध्यक्ष थोडा वेळ मग हातात फिरवत राहिले. गिफ्टिंगवाल्याने तपासणीचा खर्च वेगळा पडेल म्हणून सांगितलं, वेळही जास्त लागेल. शेवटी मग बारगळले. कॅलेंडर ठरलं.

कॅलेंडरच्या नमुन्याला वरच्या बाजूला पत्र्याची पट्टी होती. कोपऱ्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि मुद्रकाला फोन लावला, गुंडाळलेल्या कडेची किंवा नुसती कागदी मिळेल का म्हणून. तो म्हणाला, मिळेल, नगामागे चाळीस पैसे जास्त.