एचओ आणि ओओ: रूळ एकच, इमारती वेगळ्या

मॉडेल रेल्वेसाठी मिळणाऱ्या इमारतींच्या खोक्यांवर ‘ओओ/एचओ’ अशी जोडखूण बऱ्याचदा छापलेली असते, आणि ती वाचून ही एकाच मापाची दोन नावे असावीत असा समज सहज होतो. या समजाला आधारही आहे, कारण दोन्ही पद्धतींच्या गाड्या १६.५ मिमी रुंदीच्या रुळांवर धावतात आणि एकीचे इंजिन दुसरीच्या रुळांवर विनातक्रार चालते. पण साम्य रुळांपाशीच संपते. एचओमध्ये प्रत्यक्षातला एक फूट ३.५ मिमीने दाखवतात, म्हणजे प्रमाण १:८७ होते; ओओमध्ये तोच फूट ४ मिमीने दाखवतात, म्हणजे प्रमाण १:७६ होते. इंजिने आणि डबे खरेदी करणाऱ्याचे या फरकावाचून फारसे अडत नाही. जो स्थानकाची इमारत स्वतः उभारतो आणि नंतर तिच्यासमोर कॅमेरा ठेवतो, त्याला मात्र तो पावलोपावली भेटतो.

गोंधळाचे मूळ असे की गेज आणि प्रमाण या दोन गोष्टी एकच मानल्या जातात. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर, आणि प्रमाण म्हणजे प्रत्यक्ष वस्तू किती पटींनी लहान केली आहे त्याचा आकडा. खऱ्या प्रमाणित गेजमध्ये रुळांतले अंतर १४३५ मिमी असते. त्याला ८७.१ ने भागले की १६.५ मिमी येतात, म्हणून एचओचा हिशेब चोख बसतो. त्यालाच ७६.२ ने भागले की १८.८३ मिमी येतात. ओओचे रूळ मात्र १६.५ मिमीच असतात. याचा अर्थ ओओची गाडी प्रत्यक्षात सुमारे १२५७ मिमी भरेल अशा, म्हणजे हव्यापेक्षा जवळजवळ १८० मिमी अरुंद रुळांवर धावत असते. ही विसंगती ज्यांना सोसवत नाही ते १:७६ याच प्रमाणात राहून १८.२ मिमीचे ईएम किंवा १८.८३ मिमीचे पी४ रूळ घालतात, आणि त्यासाठी चाकांचे आस बदलण्याची खटपट करतात.

इमारतीला मात्र रुळांशी काही देणेघेणे नसते. ओओ, ईएम, पी४ आणि ९ मिमी रुळांवरची अरुंद गेजची ओओ९, या चारही मांडण्यांवर एकच इमारत तितकीच बरोबर दिसते, कारण चौघांचे प्रमाण एक आहे. उलट ९ मिमीचे रूळ ओओ९मध्ये असतात, एचओच्या अरुंद गेजमध्ये असतात आणि एन गेजमध्येही असतात, पण एनच्या इमारती ब्रिटिश पद्धतीत १:१४८ आणि युरोप-अमेरिकेत १:१६० मापाच्या असल्याने त्या पहिल्या दोन्ही मांडण्यांवर खेळण्यासारख्या वाटतील. त्यामुळे इमारत निवडताना ‘तुमचे रूळ कोणते?’ हा प्रश्न जवळपास निरुपयोगी ठरतो.

एकाच रुळावर दोन प्रमाणे का नांदतात, याचे उत्तर इतिहासात आहे. १९२२ मध्ये जर्मनीच्या बिंग कंपनीने टेबलावर मावणारी छोटी रेल्वे बाजारात आणली आणि ब्रिटनमध्ये ती बॅसेट-लोक कंपनीमार्फत विकली गेली. त्या काळी रूढ असलेल्या, फुटाला ७ मिमीच्या ओ प्रमाणाचे निम्मे म्हणजे ३.५ मिमी, हा हिशेब सरळ होता आणि युरोप-अमेरिकेने तो कायम ठेवला. ब्रिटनची अडचण निराळी होती. तिथले बोगदे, पूल आणि फलाट यांमधून जाणारी इंजिने इतर युरोपीय इंजिनांपेक्षा अंगाने लहान असल्यामुळे १:८७ मध्ये त्यांच्या मॉडेलांच्या पोटात तेव्हाच्या, इंजिन चालवणाऱ्या मोटारी मावत नव्हत्या. मग रूळ तेच ठेवून गाडीचे अंग वाढवण्यात आले. मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये हॉर्न्बी डब्लो ही मालिका ४ मिमीच्या हिशेबाने आणली आणि ब्रिटनमध्ये तेच प्रमाण रुजले. मोटारी पुढे कितीतरी लहान झाल्या, पण तोवर इमारती, माणसे, झाडे, मोटारगाड्या असा सगळा पसारा ४ मिमीत तयार झाला होता. तडजोडीचे कारण संपले तरी तडजोड उरली, ती अशी.

आता बांधकामाकडे येऊ. ओओची इमारत एचओपेक्षा एक सप्तमांशाने मोठी असते. उलट बाजूने पाहिले तर एचओची इमारत ओओपेक्षा एक अष्टमांशाने लहान असते. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण तो लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींत लागू होतो, त्यामुळे दर्शनी भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी आणि इमारतीचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते. एचओचे गोदाम ओओच्या गोदामाशेजारी ठेवले तर ते ‘थोडे लहान’ दिसत नाही, दुसऱ्याच इमारतीचे दिसते. गंमत अशी की नुसते लहान दिसल्याने काही बिघडत नाही, कारण गोदामे लहानमोठी असतातच. बिघडते ते माणसाच्या शरीराशी बांधलेल्या भागांमुळे: दार, पायरी, कठडा, खिडकीचा कट्टा. साडेसहा फूट उंच आणि अडीच फूट रुंद असे नेहमीचे दार ओओमध्ये २६ मिमी उंच आणि १० मिमी रुंद होते. एचओमध्ये तेच २२.७५ मिमी उंच आणि ८.७५ मिमी रुंद भरते. ओओचा पावणेसहा फुटी माणूस २३ मिमी उंच असतो. एचओच्या दारात उभा केला तर त्याचे डोके चौकटीच्या वरच्या पट्टीला टेकते, आणि टोपी असली तर तो आत कसा जाणार, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतोच.

कागदी आणि पुठ्ठ्याच्या इमारतींमध्ये हा फरक छपाईने मिटवता येतो, असे म्हणतात. ओओचा नमुना ८७.५ टक्क्यांवर छापला की एचओचा होतो, आणि एचओचा ११४.३ टक्क्यांवर छापला की ओओचा होतो. आकडेमोड अगदी बरोबर आहे. अडचण पुठ्ठ्यात आहे, कारण छपाई लहान केली म्हणून पुठ्ठ्याची जाडी कमी होत नाही. मूळ नमुन्यात दोन मिमी पुठ्ठ्यासाठी ठेवलेली खाच छापताना १.७५ मिमीची होते, आणि भिंत तिच्यात बसवायला गेले की खाचेच्या कडेचा छापील थर सोलला जातो. कोपऱ्यांवर याहून वाईट घडते: एकावर एक येणाऱ्या भिंतींचा हिशेब जाडीवर बेतलेला असल्याने दर कोपऱ्याला पाव मिमी चुकते आणि शेवटी छताचे पाखे आढ्यापाशी जुळत नाहीत. म्हणून नमुना लहान केला तर खाचा छापील रेषेवर न कापता पुठ्ठ्याची खरी जाडी कॅलिपरने मोजून कापाव्यात आणि कोपऱ्यातली एक भिंत तेवढी आखूड करावी. खिडकीची चौकट भिंतीच्या पृष्ठापासून आत किती सरकवायची तेही नव्याने ठरवावे लागते. अर्ध्या विटेची खोली ओओमध्ये १.३५ मिमी आणि एचओमध्ये १.२ मिमी होते. आकड्यांत हा फरक नगण्य वाटला तरी चौकट अजिबात आत न सरकवलेली इमारत कोणत्याही प्रमाणात कागदाची घडी वाटते, आणि माझ्या मते घरी बांधलेल्या मॉडेलांत सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच आहे.

दोन प्रमाणांची सरमिसळ करूच नये असे नाही. कारखाना, धान्याचे कोठार, पाण्याची टाकी, मोठी इंजिनशेड अशा इमारतींची ठरावीक अशी उंची नसते, त्यामुळे एचओची शेड ओओच्या मांडणीवर खपून जाते. त्यासाठी तिचे दार काढून ओओचे बसवावे, जोते तीन मिमीने उचलावे आणि बाहेर ओओच्या मापाच्या पायऱ्या द्याव्यात. राहती घरे आणि स्थानक यांच्या बाबतीत हा उपाय क्वचितच साधतो, कारण तिथे प्रत्येक मजला माणसाच्या उंचीवर बेतलेला असतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: एचओ म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार इमारतींपैकी काही, विशेषतः जुने संच, टेबलावरची जागा वाचवण्यासाठी १:८७ पेक्षाही लहान केलेले असतात. तशी इमारत ओओच्या माणसांमध्ये ठेवली तर फरक सप्तमांशापुरता राहत नाही.

कॅमेरा या सगळ्याचा निष्ठुर परीक्षक आहे. टेबलाकडे पाहताना नजर फिरती असते आणि मन बरेच काही सांभाळून घेते. छायाचित्रात दार आणि माणूस कायमचे शेजारी गोठतात. सगळी मांडणी एकाच प्रमाणात असेल तर निव्वळ छायाचित्रावरून ती एचओ की ओओ हे सांगणे कठीण असते. फरक पडतो तो कॅमेऱ्याच्या उंचीत. फलाटाबाहेर रस्त्यावर उभ्या माणसाची नजर जमिनीपासून १.६ मीटरवर धरली तर भिंग ओओमध्ये २१ मिमी आणि एचओमध्ये १८ मिमी उंचीवर हवे. सत्तर मिमी व्यासाचे भिंग टेबलावर टेकवले तरी त्याचे केंद्र ३५ मिमीवर राहते, म्हणजे ओओमध्ये सुमारे २.७ मीटर आणि एचओमध्ये ३ मीटर उंचीवरून पाहिल्यासारखे होते. इमारतीच्या छताच्या पन्हळी उगाच जवळ येतात आणि उंबरठा खाली जातो. इथे मोबाईल फोन महागड्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. फोन उलटा धरून टेबलावर टेकवला की वरच्या कोपऱ्यातले भिंग जमिनीलगत येते, आणि खाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून हवी ती उंची साधता येते. प्रकाश आणि स्पष्टतेचे नियम दोन्हींना सारखेच आहेत: सावली एकच पडावी म्हणून एक लहान दिवा लांब ठेवावा, आणि भिंगाचे छिद्र अतिशय बारीक करून चित्र मऊ पाडण्यापेक्षा वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली चित्रे संगणकावर एकत्र जोडावीत.

मागे लहान प्रमाणाची इमारत ठेवून खोलीचा भास निर्माण करण्याची युक्ती सर्वांना ठाऊक असते, पण ओओच्या मागे एचओ ठेवून ती किती साधते, याचा हिशेब फार कमी जण मांडतात. कॅमेऱ्यापासून ६० सेंमीवर ठेवलेली एचओची इमारत ६८.६ सेंमीवरच्या ओओच्या इमारतीएवढी दिसते. मिळालेली खोली साडेआठ सेंमी, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे साडेसहा मीटर. एक अरुंद गल्ली, इतकेच. दूरचे गाव दाखवायचे असेल तर एनच्या इमारतीच हव्यात. शिवाय ही युक्ती कॅमेरा जवळ असतानाच टिकते. पुढची इमारत ३० सेंमीवर असेल तर तिच्यामागे १० सेंमीवर असलेली तेवढीच इमारत आपसूक एक चतुर्थांशाने लहान दिसते, आणि तिच्यात आणखी अष्टमांशाची घट मिसळून जाते. कॅमेरा दोन मीटरवर नेऊन लांब पल्ल्याचे भिंग लावले तर त्याच दहा सेंमीने आकार जेमतेम पाच टक्के घटतो, आणि एचओचा अष्टमांश उघडा पडतो. कोणत्याही परिस्थितीत मागच्या इमारतीचे जोते झाकावे. मधे कुंपण, झुडपांची रांग किंवा मालगाडी असली की ती इमारत नेमकी किती दूर उभी आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही.

ओओच्या छायाचित्रात रुळांचीही काळजी घ्यावी लागते. गाडी समोरून, खालच्या कोनातून टिपली की रुंद अंगाखाली रूळ आखडलेले दिसतात, आणि दोन्ही नावांनी विकल्या जाणाऱ्या रुळांचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) बहुधा ३.५ मिमीच्या हिशेबाचे असल्यामुळे आठ फूट सहा इंचांचा स्लीपर ३४ मिमीऐवजी ३० मिमीच्या आसपास भरतो. तिरक्या कोनातून, फलाटाच्या कडेने रूळ अर्धवट झाकले जातील असे चित्र घेतले तर हे लपते. फलाट स्वतः बांधला असेल तर त्याची रुळाच्या माथ्यापासूनची उंचीही तपासावी. तीन फुटांचा ब्रिटिश फलाट ओओमध्ये १२ मिमी आणि एचओमध्ये १०.५ मिमी होतो, आणि दीड मिमीची चूक डब्याच्या दारापाशी स्पष्ट दिसते.

खोके हरवलेली, खूण नसलेली इमारत हाती आली तर तिचे प्रमाण ओळखायला बरेच जण विटा मोजतात. ब्रिटिश वीट दरजेसह ७५ मिमी उंच धरली तर विटांचा एक थर ओओमध्ये ०.९८ मिमी आणि एचओमध्ये ०.८६ मिमी येतो, त्यामुळे मापन सोपे वाटते. पण आजची प्रमाणित जर्मन वीट ७१ मिमी उंच असते आणि तिचे मीटरला बारा थर बसतात. तिचा थर एचओमध्ये ०.९६ मिमी भरतो. जर्मन एचओची भिंत अशा रीतीने ब्रिटिश ओओच्या भिंतीशी जवळजवळ जुळते, आणि विटांवर भरवसा ठेवणारा फसतो. स्थानकांची दारेही मुद्दाम उंच केलेली असतात. पायऱ्या अधिक विश्वासार्ह असतात, कारण माणूस कुठलाही असला तरी त्याला सोसणारी पायरीची उंची १७५ मिमीच्या आसपासच राहते. जिन्याच्या दहा पायऱ्यांची एकूण उंची मोजावी: २३ मिमी भरली तर इमारत ओओची, २० मिमी भरली तर एचओची, आणि १८ मिमीच्या खाली गेली तर ती जागा वाचवण्यासाठी आवळलेल्या संचांपैकी एक.